जपानमध्ये स्वतःचा इंग्रजीचा क्लास काढायचाय? आधी व्हिसा, मग फळा

जपानमधल्या मराठी घरांत हा विषय बहुतेक वेळा एकाच दाराने शिरतो. दोघांपैकी एकाला इथल्या कंपनीत नोकरी असते आणि दुसरं माणूस, बरेचदा पुण्या-मुंबईत शाळेत शिकवलेली बाई, अवलंबिताच्या व्हिसावर घरी असते. मग खालच्या मजल्यावरची एखादी आई विचारते, आमच्या मुलाला आठवड्यातून एकदा इंग्रजी शिकवाल का? होकार जातो. थोड्याच दिवसांत त्या मुलाचे मित्रही यायला लागतात आणि घरात बोलणं सुरू होतं, की रीतसर क्लासच का काढू नये?

जरूर काढावा. जपानी लोकांना इंग्रजी शिकवणाऱ्या छोट्या क्लासला, ज्याला इथे ‘एइकाइवा क्योशित्सु’ म्हणतात, शिक्षण खात्याचा कसलाही परवाना लागत नाही. भारतातून आलेल्या माणसाचा यावर पटकन विश्वास बसत नाही. पण सोपेपणा तिथेच संपतो. जे क्लास बंद पडताना मी पाहिले, ते वाईट शिकवण्यामुळे पडले नाहीत. कुणाचं व्हिसावरून अडलं, कुणी झेपणार नाही अशी जागा घेतली, कुणी वर्षाची फी आधी घेऊन खर्चून टाकली. म्हणून पुढे शिकवण्याबद्दल थोडं आणि बाकीच्या भानगडींबद्दल बरंच आहे.

एक फरक आधीच स्पष्ट करते. परदेशातून विद्यार्थी व्हिसावर येणाऱ्यांना जपानी शिकवणारी संस्था काढणं हा पूर्ण वेगळा मामला आहे. त्यासाठी एप्रिल २०२४ पासून सरकारी मान्यतेची आणि नोंदणीकृत शिक्षकांची नवी पद्धत आहे. इथे तो विषय नाही.

खिशातलं कार्ड काढा आणि उलटून बघा

तुमचं झाइर्यू कार्ड, म्हणजे इथलं रहिवासी ओळखपत्र, हातात घ्या. पुढच्या बाजूला तुमचा राहण्याचा दर्जा आणि कामावर बंधन आहे की नाही ते लिहिलेलं असतं. मागच्या बाजूला, खाली, दर्जाबाहेरचं काम करायची परवानगी मिळाली असेल तर तिचा शिक्का असतो. क्लासचं नाव काय ठेवायचं, लोगो कसला, हे सगळं या दोन ओळींनंतर.

कायमचा रहिवास, जपानी नागरिकाचा किंवा कायम रहिवाशाचा जोडीदार, किंवा दीर्घकालीन रहिवासी, यांपैकी काही असेल तर कामावर बंधन नाही. तुम्ही उद्यापासून क्लास सुरू करू शकता. थेट जागेच्या भागाकडे गेलात तरी चालेल.

नोकरीच्या व्हिसावर असाल, म्हणजे आपल्या आयटीवाल्यांकडे असतो तो अभियंता, मानव्यविद्या आणि आंतरराष्ट्रीय सेवा असा लांबलचक नावाचा, तर दुसऱ्याच्या क्लासमध्ये शिक्षक म्हणून नोकरी करणं या दर्जात बसू शकतं. स्वतःचा धंदा चालवणं बसत नाही. शनिवार-रविवार घरी ‘थोडंसं’ शिकवायचं असलं तरी आधी इमिग्रेशनला विचारा.

अवलंबिताच्या व्हिसावर आठवड्याला २८ तासांची परवानगी मिळते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. ती सरसकट परवानगी नोकरीसाठी असते, जिथे तास मालक मोजतो. स्वतःच्या धंद्यासाठी कामाचं स्वरूप आणि तास दाखवून स्वतंत्र, वैयक्तिक परवानगी मागावी लागते. ‘मागे शिक्का आहे ना, मग झालं’ असं समजून क्लास चालवणाऱ्या बऱ्याच जणी आहेत. व्हिसा वाढवताना किंवा कायमच्या रहिवासाचा अर्ज करताना करविवरणात ते उत्पन्न दिसतं आणि मग खुलासे करत बसावं लागतं.

राहिला उद्योग-व्यवस्थापनाचा व्हिसा. इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत ५० लाख येन भांडवल पुरतं असं वाचाल. ते आता खरं नाही. १६ ऑक्टोबर २०२५ पासून नियम बदलले. भांडवल किमान ३ कोटी येन लागतं, म्हणजे साधारण पावणेदोन कोटी रुपये. पूर्णवेळ नोकर किमान एक, आणि तो जपानी नागरिक किंवा कायम रहिवाशासारख्या दर्जाचा. तुम्ही किंवा तो नोकर, एकाला तरी जपानी भाषा-परीक्षेच्या एन-२ या पातळीचं जपानी यायला हवं. तुमच्याकडे व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अनुभव किंवा पदव्युत्तर पदवी हवी आणि धंद्याचा आराखडा सनदी लेखापाल, करसल्लागार किंवा लघुउद्योग सल्लागाराने तपासलेला हवा. राहत्या घरालाच ऑफिस दाखवणंही आता तत्त्वतः चालत नाही. दोन खोल्यांच्या इंग्रजी क्लाससाठी हे गणित जमत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. साठवलेले पैसे यात घालू नका.

मग करायचं काय? आपल्या लोकांसाठी खरी वाट कायमच्या रहिवासाची आहे. सर्वसाधारण नियम दहा वर्षांचा, पण उच्च-कुशल व्यावसायिकांच्या गुणपद्धतीत ७० गुण असतील तर तीन वर्षांत आणि ८० गुण असतील तर एका वर्षात अर्ज करता येतो. वय, पगार, पदवी, जपानी भाषा अशा गोष्टींचे गुण असतात. पुण्यात असताना जपानीची परीक्षा देऊन आलेल्यांना त्याचा इथे फायदा होतो. घरात एकाला कायमचा रहिवास मिळाला, की जोडीदाराला कायम रहिवाशाचा जोडीदार म्हणून दर्जा बदलून घेता येतो आणि कामावरचं बंधन जातं. हे दोन वर्षांवर आलेलं असेल तर थांबा. तेवढे दिवस दुसऱ्याच्या क्लासमध्ये, मिळालेल्या तासांत, नोकरी करा. तिथे शिकवण्याखेरीज काय काय करावं लागतं ते दुसऱ्याच्या खर्चाने कळतं.

अर्ज स्वतः भरता येतात, पण व्हिसाच्या कामात ‘ग्योसेइशोशी’ गाठणं बरं. एक लक्षात घ्या, की इथे कामं वाटलेली असतात : व्हिसाला ग्योसेइशोशी, कंपनीच्या नोंदणीला शिहोशोशी, कराला झेइरिशी. एकच माणूस ‘सगळं करून देतो’ म्हणाला, तर कोणतं काम तो स्वतः करतो ते विचारून घ्या.

नोंदणी : अर्ध्या दिवसाचं काम, वर्षभराचे परिणाम

कंपनी काढायची घाई नको. वैयक्तिक व्यवसाय म्हणून सुरुवात केली, तर कर कार्यालयात ‘काइग्यो तोदोके’ नावाचा एक पानी अर्ज द्यायचा, काम सुरू केल्यावर. फी शून्य. त्याच खेपेला ‘आओइरो शिंकोकु’, म्हणजे निळ्या विवरणपत्राचा अर्ज देऊन टाका. त्याची मुदत दोन महिने आहे. नीट द्विनोंदी हिशेब ठेवून ऑनलाइन विवरण भरलं तर उत्पन्नातून ६ लाख ५० हजार येनपर्यंत वजावट मिळते. हिशेबाचं सॉफ्टवेअर महिन्याला थोडे पैसे घेतं, पण ही वजावट बघता ते वसूल होतं. विवरण दरवर्षी १६ फेब्रुवारी ते १५ मार्च या काळात भरायचं, म्हणजे नेमकं नव्या प्रवेशांच्या धामधुमीत. डिसेंबरातच बिलं लावून ठेवा.

कंपनीच हवी असेल, तर गोदो-गाइशा हा स्वस्त प्रकार. नोंदणी कर किमान ६० हजार येन. काबुशिकी-गाइशाला, म्हणजे शेअर कंपनीला, किमान दीड लाख, वर नियमावलीच्या प्रमाणीकरणाचा खर्च. कंपनी झाली की एकट्या मालकालाही सामाजिक विमा सक्तीचा होतो आणि तोट्याच्या वर्षातही स्थानिक कराची ठरावीक रक्कम भरावी लागते. तीस-चाळीस मुलांपर्यंत मला यात फायदा दिसत नाही.

नोकरी सोडून क्लास काढणाऱ्याला पहिल्या वर्षी दोन धक्के बसतात. पहिला म्हणजे आरोग्यविमा. कंपनीचा विमा संपला की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जाऊन राष्ट्रीय आरोग्यविमा आणि राष्ट्रीय पेन्शन घ्यावी लागते. विम्याचा हप्ता गेल्या वर्षीच्या उत्पन्नावर ठरतो, म्हणजे हातात क्लासची फी आणि हप्ता आयटीच्या पगाराचा. दुसरा रहिवासी कर. तोही मागच्या वर्षाच्या कमाईवर, आणि त्याची चार हप्त्यांची पावती जूनमध्ये पोस्टाने घरी येते. पेन्शनचे महिन्याला साडेसतरा-अठरा हजार येन वेगळेच. हे तिन्ही आकडे वॉर्ड ऑफिसात विचारून, लिहून घेऊन मगच राजीनामा द्या.

जागा

घरीच सुरू करायचं म्हणता? भाड्याच्या फ्लॅटचा करार काढा. त्यात ‘फक्त राहण्यासाठी’ असं कलम बहुतेक असतंच. व्यवस्थापन कंपनीला विचारून, लेखी होकार मिळाला तरच पुढे जा. स्वतःचं घर असेल तर तो भाग कोणत्या वापर-विभागात येतो ते नगरपालिकेच्या नकाशावर बघा. सगळ्यांत कडक, कमी उंचीच्या घरांच्या विभागातही घरातच क्लास चालवता येतो, मात्र क्लासचा भाग ५० चौरस मीटरच्या आत आणि घराच्या निम्म्याहून कमी हवा.

सामाजिक सभागृहं, म्हणजे कोमिंकान, तासाला अगदी थोड्या पैशांत मिळतात. पण बऱ्याच ठिकाणी नफ्यासाठी वापर चालत नाही. ‘मंडळ’ म्हणून नोंदवून आत क्लास चालवणारे असतात. तुम्ही परदेशी आहात आणि गाव लहान आहे, तेव्हा या वाटेला जाऊ नका. खासगी भाड्याच्या खोल्या तासावर मिळतात, त्या परवडतात.

दुकानाची जागा घेताना डिपॉझिट घराच्या मानाने भरमसाट असतं, भाड्याच्या काही पट. त्यावर परत न मिळणारं ‘रेइकिन’, दलाली, हमी कंपनीचं शुल्क. परदेशी माणसाला जामीनदार नसतो, म्हणून हमी कंपनी टळत नाही. सोडताना जागा मूळ स्थितीत करून द्यावी लागते आणि त्याचा खर्च डिपॉझिटमधून कापला जातो. म्हणून ‘इनुकी’ जागा शोधा, म्हणजे आधीच्या भाडेकरूने फर्निचर, एसी, पार्टिशन सोडून दिलेली. पूर्वी सोरोबानचा, म्हणजे मणीपाटीवरच्या हिशेबाचा, किंवा शिकवणीचा क्लास असेल तर उत्तमच, कारण त्या पत्त्यावर मुलं येतात याची आसपासच्या आयांना सवय असते. इमारत जून १९८१ नंतरच्या भूकंप-निकषांची आहे का ते दलालाला विचारा. आईबाप विचारत नसतील, तरी पुस्तकांची कपाटं भिंतीला ठोकलेली आहेत का ते ते बघतात.

जागा बघायला जाल तेव्हा भाड्याआधी सायकली मोजा. म्हणजे काय ते सांगते. संध्याकाळी साडेपाचला एक तुकडी सुटते आणि दुसरी येते. सहा मुलं बाहेर, सहा आत. दाराशी बारा जोड बूट, कुणाचा डावा कुणाच्या उजव्यावर चढलेला. रस्त्यावर आठ-नऊ सायकली, त्यातल्या दोन आयांच्या, मागे लहान भावंडाची खुर्ची लावलेल्या. समोरचे आजोबा गाडी काढायला येतात आणि फाटकाशी उभे राहतात. ते तुम्हाला एक शब्द बोलणार नाहीत. वाकून नमस्कारही करतील. तक्रार जाईल व्यवस्थापन कंपनीकडे, आणि तुमच्यापर्यंत ती येईल तोवर करार नव्याने करायचा की नाही असा विषय झालेला असेल. सुटण्या-येण्यात दहा मिनिटांचं अंतर ठेवा. सायकली कुठे लावायच्या ते जमिनीवर टेपने आखा. आणि क्लास उघडण्याआधी, उघडल्यावर नव्हे, वर-खाली-आजूबाजूच्या प्रत्येक घरी हजारेक येनचा बिस्किटांचा बांधलेला डबा आणि तुमचा फोन नंबर लिहिलेला कागद घेऊन स्वतः जा. ‘आवाज झाला तर मला थेट सांगा’ हे वाक्य जपानीत पाठ करून जा.

फी : महिन्याची घ्या, वर्षाची नको

हा भाग सावकाश वाचा.

२००७ साल इथल्या इंग्रजी क्लासवाल्यांच्या कुंडलीत अजून आहे. नोवा ही तेव्हाची देशातली सगळ्यांत मोठी साखळी, जाहिरातीतल्या गुलाबी सशामुळे घराघरात ठाऊक झालेली. विद्यार्थी धड्यांचे गुण आगाऊ, घाऊक विकत घ्यायचे. जास्त घेतले की दर कमी. मध्येच सोडायचं म्हटलं की वापरलेल्या धड्यांचा हिशेब महाग दराने करून परतावा कापला जायचा. एप्रिल २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत अवैध ठरवली. जूनमध्ये अर्थ-व्यापार मंत्रालयाने सहा महिन्यांसाठी दीर्घ मुदतीच्या नव्या करारांवर बंदी घातली. नवे पैसे थांबले, आणि जुन्या विद्यार्थ्यांचे धडे नव्यांच्या पैशांवर चालत होते हे उघडं पडलं. २६ ऑक्टोबरला कंपनीने दिवाळखोरीपासून संरक्षण मागायला न्यायालयात धाव घेतली. शिक्षकांचे पगार थकलेले, विद्यार्थ्यांचे पैसे अडकलेले. २०१० मध्ये जिओस ही दुसरी मोठी साखळीही कोसळली. आजही पन्नाशीतल्या आईला वर्षाची फी आगाऊ मागा आणि तिचा चेहरा बघा.

कायदा या बाबतीत नेमका आहे. भाषेच्या क्लासचा करार दोन महिन्यांहून जास्त मुदतीचा असेल आणि एकूण रक्कम, प्रवेश फी आणि पुस्तकं धरून, ५० हजार येनहून जास्त असेल, तर तो ‘विशिष्ट सतत सेवा’ या सदरात येतो. मग करारापूर्वी माहितीपत्रक आणि करारानंतर करारपत्र, दोन्ही लेखी द्यावीच लागतात. करारपत्र मिळाल्यापासून आठ दिवसांत विद्यार्थी कारण न देता करार मोडू शकतो. करारपत्र दिलंच नसेल तर ते आठ दिवस सुरूच होत नाहीत, म्हणजे तो कधीही मोडू शकतो. त्यानंतरही मध्येच सोडायचा हक्क आहेच. शिकवणं सुरू झालं नसेल तर तुम्हाला जास्तीत जास्त १५ हजार येन ठेवता येतात. सुरू झालं असेल तर शिकवलेल्याचे पैसे, आणि वर ५० हजार किंवा उरलेल्या रकमेचे २० टक्के, यांत जे कमी असेल तेवढंच. ‘फी परत मिळणार नाही’ अशी पाटी भिंतीवर लावून या कलमांतून सुटका होत नाही.

यातून बाहेर राहण्याचा सरळ मार्ग म्हणजे महिन्याची फी, ‘गेश्शा’. सोडायचं असेल तर आदल्या महिन्यात कळवा, एवढीच अट. पियानो, सोरोबान, सुलेखन, सगळे क्लास इथे याच पद्धतीवर चालतात, त्यामुळे पालकांना काही समजावावं लागत नाही. छोट्या क्लासात अजून गेश्शाचं पाकीट दिसतं. बारा चौकोन छापलेलं, प्रत्येक चौकोनात महिन्याचं नाव, आई त्यात कोऱ्या नोटा घालून देते, तुम्ही पैसे काढून चौकोनात आपला शिक्का मारता आणि पाकीट मुलाच्या दप्तरात परत. दहा-पंधरा मुलांपर्यंत हे मला बँकेच्या वसुलीपेक्षा बरं वाटतं. फी राहिली तर रिकामा चौकोनच आईला सांगतो, तुम्हाला तोंड उघडावं लागत नाही. मुलं वाढली की खात्यातून आपोआप वळती करणाऱ्या वसुली कंपनीकडे जा.

वर्षाचं वेळापत्रक एप्रिलमध्येच छापून द्या. बावन्न आठवडे शिकवायचे नसतात. गोल्डन वीक, ओबोन, नवं वर्ष या सुट्ट्या आणि महिन्यात येणारा पाचवा आठवडा काढून ४२ ते ४४ तास ठरवा आणि फी बारा महिने सारखी ठेवा. चुकलेल्या तासाचं काय, हेही त्याच कागदावर. मर्यादा घाला : सत्रात दोनदा, दुसऱ्या तुकडीत जागा असेल तर बसू देऊ, पैसे परत नाहीत. हे लिहिलं नाहीत तर तुमचे शनिवार गेलेच म्हणून समजा.

फी किती? मुलांच्या आठवड्यातून एकदाच्या गटाला महिना सहा ते दहा हजार येन हा शहराबाहेरच्या भागांतला सर्वसाधारण पट्टा आहे. जाहिरातीत लिहाल ती रक्कम उपभोग कर धरूनच लिहावी लागते. खासगी भाषावर्गांच्या फीवर हा कर लागू आहे, मात्र वार्षिक करपात्र उलाढाल एक कोटी येनच्या आत असेपर्यंत छोट्या व्यावसायिकाला साधारणपणे तो भरण्यापासून सूट असते.

आता कागदावर मांडून बघा. तीस मुलं, साडेसात हजार फी, म्हणजे महिना २ लाख २५ हजार. भाडं ९० हजार, वीज-इंटरनेट १५ हजार, साहित्य, विमा आणि पत्रकं मिळून २० हजार. हातात राहिले एक लाख, त्यातून पेन्शन आणि आरोग्यविमा. तीस मुलं जमायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं हे धरून चाला. भाड्याचा आकडा ९० हजारांवरून दीड लाखावर गेला की हातात जेमतेम चाळीस हजार उरतात, शिकवणं तेच, मुलं तीच. म्हणून माझा आग्रह असा की सहा महिन्यांचं भाडं आणि घरखर्च वेगळ्या खात्यात नसेल तर स्टेशनासमोरची जागा बघायलाही जाऊ नये.

कुणाला शिकवायचं, आणि ‘नेटिव्ह’चा प्रश्न

हा प्रश्न येणारच. ट्रायलच्या वेळी नाही आला तरी मागे आया आपसांत बोलणार : सेन्सेइ भारताच्या ना? अमेरिकन नाहीत ना? त्यावर चिडून उपयोग नाही आणि उच्चार अमेरिकन करायचा प्रयत्न तर अजिबात करू नका, ते लगेच कळतं. ज्यात तुमची बाजू पक्की आहे ते शिकवा. २००० नंतरच्या दशकात तोक्योत निघालेल्या भारतीय शाळांत जपानी पालकही मुलं घालतात. भारतीय शिकवतो म्हणजे पाया पक्का करून घेतो, ही समजूत तुमच्या बाजूची आहे.

सगळ्यांत भरवशाचा विषय एइकेन. ही इंग्रजीची श्रेणी-परीक्षा १९६३ पासून चालू आहे, वर्षातून तीनदा होते, आणि अनेक शाळांच्या प्रवेशात तिचा उपयोग होतो. पाचवी श्रेणी नवशिक्यांची, तिसरी साधारण माध्यमिक शाळा संपतानाच्या पातळीची, दुसरी उच्च माध्यमिकच्या. तिसरीपासून वर तोंडी मुलाखत असते, आणि व्याकरण घोकलेली मुलं नेमकी तिथे गळपटतात. मुलाखतीची तयारी करून घेणारा क्लास म्हणून नाव झालं की देश कुठला हे कुणी विचारत नाही. पास झालेल्यांची पाटी लावा, पण पालकांना विचारून.

२०२० पासून प्राथमिक शाळेत पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुणांचा विषय झाला आहे आणि तिसरी-चौथीला ओळख म्हणून वर्षाला ३५ तास. त्यामुळे सहा-सात वर्षांच्या मुलांना अक्षर-ध्वनी शिकवणाऱ्या क्लासला मागणी आहे. पण मुलंच कमी होत चालली आहेत. २०२४ मध्ये जपानमधले जन्म पहिल्यांदाच सात लाखांच्या खाली गेले. जागा ठरवण्यापूर्वी नगरपालिकेच्या साइटवर त्या वस्तीची वयोगटानुसार लोकसंख्या बघा. बहुतेक नगरपालिका ती देतात.

सकाळचे तास रिकामे जातात, ते ज्येष्ठांना द्या. निवृत्त मंडळी वेळेआधी दहा मिनिटं येतात, गृहपाठ करतात, परीक्षा द्यायची नसते आणि वर्षानुवर्षं सोडत नाहीत. मुलं मात्र माध्यमिक शाळेत गेली की खेळाच्या क्लबपायी मार्चमध्ये एकदम गळतात. भारतीय सहकाऱ्यांसोबत काम करणारे जपानी इंजिनिअर हा आणखी एक गट. त्यांना मीटिंगमध्ये आपलं भरभर इंग्रजी समजत नाही. ते शिकवायला तुमच्याइतकं लायक कोण आहे?

पुस्तकांच्या बाबतीत सांभाळा. शाळेला वर्गापुरत्या झेरॉक्स काढायची मुभा कॉपीराइट कायद्यात आहे, पण ती नफ्यासाठी न चालणाऱ्या शिक्षणसंस्थांना. आपण त्यात नाही. प्रत्येक मुलाला पुस्तक विकत घ्यायला लावा.

नावातही सांभाळा. ‘शोगाक्को’, ‘दाइगाकु’ ही कायद्याने मान्य शाळा-विद्यापीठांची नावं लावता येत नाहीत. ‘क्योशित्सु’ किंवा ‘स्कूल’ पुरेसं आहे.

मुलं कशी मिळतात

शैक्षणिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून फेब्रुवारी-मार्च हाच खरा हंगाम. जागा एप्रिलमध्ये घेऊन मेमध्ये उघडणारा अर्धं वर्ष हातचं घालवतो. दुसरी छोटी लाट सप्टेंबरला. पत्रकं स्वतः टाका, क्लासपासून मूल एकटं सायकलवर येऊ शकेल एवढ्याच टापूत, आणि ‘पत्रकं नकोत’ अशी चिठ्ठी असलेल्या पेटीत चुकूनही नको. ‘लाइन’ या मेसेजिंग अ‍ॅपवर अधिकृत खातं उघडा, कारण आया फोन करत नाहीत. गूगल नकाशावर जपानीत नोंद करा. एवढी जाहिरात पुरे. बाकी काम तोंडोतोंडीच होतं.

ट्रायलचा धडा पूर्ण फुकट न ठेवता हजार येन घ्या. धडा मुलासाठी असतो, पण बघत आई असते. कोपऱ्यात खुर्चीवर बसून ती तुमचं इंग्रजी तपासत नाही, मूल रडलं तेव्हा तुम्ही काय केलंत ते बघते. जाताना ‘विचार करून सांगते’ म्हणाली तर तो बहुधा नकार आहे. दोन दिवसांनी आभाराचा एक निरोप पाठवा आणि विषय सोडा. सोडून जाणारेही खरं कारण सांगत नाहीत, ‘घरगुती कारण’ एवढंच लिहितात. म्हणून दर सत्राला प्रत्येक पालकाला पाच मिनिटं एकटं भेटा. तक्रार तिथे, आडवळणाने, कानावर येते.

माणूस कामाला ठेवायची वेळ आली, की एका तासिका शिक्षकासाठीही कामगार अपघात विमा काढावा लागतो. पगार वाचवायला त्याला कागदावर ‘कंत्राटदार’ करणं आणि वेळ, पुस्तक, पद्धत सगळं तुम्हीच ठरवणं, हे तपासणीत टिकत नाही. तो परदेशी असेल तर त्याचं झाइर्यू कार्ड मालक म्हणून तुम्ही तपासायचं असतं. मुलांवरचे लैंगिक अत्याचार रोखण्याचा जून २०२४ मध्ये मंजूर झालेला कायदा डिसेंबर २०२६ पासून लागू व्हायचा आहे. त्यात शिक्षकांची पूर्वपीठिका तपासायची पद्धत आहे आणि खासगी क्लासना स्वेच्छेने मान्यता घेता येते. तसंही वर्गाच्या दाराला काच बसवा आणि एका मुलासोबत बंद खोलीत बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

बंद करायची वेळ आली तर

आईवडिलांच्या तब्येतीसाठी भारतात परतावं लागतं, किंवा घरातली नोकरी दुसऱ्या शहरात जाते. व्यापारी जागेच्या करारात सोडण्याची सूचना तीन किंवा सहा महिने आधी द्यावी लागते, तो आकडा सही करण्यापूर्वीच बघून ठेवा. पालकांना मार्चअखेरचं सांगा, मध्येच नको, आणि जवळच्या दोन क्लासवाल्यांशी बोलून मुलांची सोय लावून द्या. फर्निचर ‘इनुकी’ म्हणून पुढच्याला देता आलं तर जागा मूळ स्थितीत करण्याचा खर्च वाचू शकतो, पण त्यासाठी मालकाचा होकार लागतो. धंदा बंद केल्याचा अर्ज कर कार्यालयात द्यायचा. देश सोडताना शेवटचं विवरण भरलेलं नसेल तर तुमच्या वतीने कर भरायला इथला एक प्रतिनिधी नेमावा लागतो. पेन्शन दहा वर्षांहून कमी भरली असेल तर देश सोडल्यापासून दोन वर्षांत एकरकमी परतावा मागता येतो. भारत आणि जपान यांच्यात १ ऑक्टोबर २०१६ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे. परतावा घेतला की ती वर्षं या कराराखाली मोजली जात नाहीत. तेव्हा अर्जावर सही करण्यापूर्वी दोन्हीकडचा हिशेब पेन्शन कार्यालयात बसून मांडून घ्या.